उजवीकडे पूर्ण वळवलं की हॉर्न मुका, एअरबॅगचा दिवा कायम चालू. नवी क्लॉक स्प्रिंग टाकूनही!

रोपवाटिका_उरुळी

नमस्कार मंडळी. उरुळी कांचनला आमची नर्सरी आहे. रोपं, कुंड्या, कोकोपीटच्या गोण्या घेऊन आठवड्यातून चार वेळा बाणेर, औंध, कोथरूड अशी फेरी असते. गाडी डबल कॅब पिकअप, डिझेल, २०१९ ची, दोन एअरबॅगवाली. मी दुसरा मालक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चर्चा भलतीकडेच जाईल.

दुखणं असं. गणपतीच्या आधी स्टिअरिंगची रॅक (पुढची चाकं वळवणारी दांडी) गळायला लागली म्हणून एका गॅरेजात खोलून दुरुस्त करून घेतली. पंधराएक दिवसांनी शेवाळवाडीला यू-टर्न घेताना समोर टेम्पो आला आणि हॉर्न वाजेचना. चाक सरळ केलं की वाजतो. दोन दिवसांनी मीटरवर एअरबॅगचा दिवा लागला, तो बसलेल्या माणसापुढे फुगा असलेला. मग स्टिअरिंगवरची आवाजाची बटणंही गेली. गॅरेजवाला म्हणाला क्लॉक स्प्रिंग गेली, लोकल टाकली, ३,२०० रुपये. नऊ दिवस सगळं झकास. दहाव्या दिवशी बाणेरला एका सोसायटीच्या तळघरात गाडी मागे घेताना पुन्हा हॉर्न गप्प, पुन्हा दिवा, पुन्हा बटणं मेली.

आता तीन माणसांची तीन मतं. पहिला म्हणतो, पार्टच खराब निघाला, दुसरा टाकू. दुसऱ्याने स्कॅनर लावला, ‘ड्रायव्हर एअरबॅग सर्किट, रेझिस्टन्स जास्त’ असा कोड आला. तो म्हणतो बॅगच गेली, स्क्रॅपच्या गाडीतली बघून देतो. तिसऱ्याने मीटर लावून ‘वायरिंगमध्ये शॉर्ट आहे’ म्हणून अख्खं हार्नेस, म्हणजे तारांचा सगळा जुडगा, बदलायला सांगितलं. त्याने सांगितलेल्या आकड्यात माझी हजारभर गुलाबाची कलमं येतात.

कोणाचं ऐकू? घरी मल्टिमीटर आहे, ठिबकच्या पंपासाठी घेतलेला. त्याने मी स्वतः काही बघू शकतो का? आणि दिवा चालू असताना बॅग उघडते की नाही? वडील म्हणतात, आमच्या जीपला कुठे होती बॅग. त्यांना काय सांगणार.

घाटरस्ता_१२

एवढा विचार कशाला करताय. बुधवारात पासोड्या विठोबाजवळ जा, २.२ ओहमचा रेझिस्टर घ्या, बॅगेच्या तारा जोडणाऱ्या पिवळ्या कपलरमध्ये खोचा. दिवा गेला. चहापेक्षा स्वस्त. माझ्या गाडीला दोन वर्षं तोच आहे.

भोसरी_वायरमन

घाटरस्ता भाऊ, आधी तुमचं. रेझिस्टर मीही लावतो, पण तपासणीपुरता. लावतो, बघतो, काढतो. तुमच्या मॉड्यूलला, म्हणजे बॅग उडवायची की नाही ते ठरवणाऱ्या डबीला, वाटतंय बॅग जागेवर आहे. उद्या धडक बसली तर ते इमानदारीने त्या रेझिस्टरला करंट देईल आणि तुमची छाती स्टिअरिंगवर जाईल. दिवा खरं बोलत होता, तुम्ही त्याचं तोंड बांधलंत. आज संध्याकाळी काढून टाका. गाडी विकायची झाली तर निदान घेणाऱ्याला सांगा.

आता रोपवाटिका दादा. मी सतराव्या वर्षी सेल्फ-डायनॅमो भरायला बसलो, अजून तेच करतो, फक्त हातात आता स्कॅनर आलाय. तुमच्या लिहिण्यात सगळ्यात मोलाचा तो कोड नाही. ‘चाक सरळ केलं की वाजतो’ हे वाक्य मोलाचं आहे. ते त्या तिघांपैकी एकानेही नीट ऐकलेलं दिसत नाही.

स्टिअरिंग फिरतं, खालच्या कॉलमचं कवच फिरत नाही. मग तारा पलीकडे न्यायच्या कशा? जुन्या चावीच्या घड्याळात कमान असते ना, तशी एक चपटी पट्टी एका गोल डबीत गुंडाळलेली असते. चाक एकीकडे फिरलं की ती आवळते, दुसरीकडे फिरलं की सैल पडते. हीच क्लॉक स्प्रिंग. आम्ही रीळ म्हणतो. हॉर्नची तार, बटणांच्या तारा आणि बॅगेच्या दोन तारा याच पट्टीतून जातात. बॅग गेली असती तर हॉर्न कशाला रुसेल? तिन्ही गोष्टी एकदम बंद पडल्या तर त्या तिघी जिथे एकत्र येतात तिथेच बघायचं. आणि त्या रिळीतच एकत्र येतात. कोड फक्त सर्किटचं नाव सांगतो, मेलेल्या पार्टचं नाही. बॅगेपासून मॉड्यूलपर्यंत कुठेही तार तुटली तरी हाच कोड येणार.

मग नवी रीळ नऊ दिवसांत का गेली? माझा संशय दोन ठिकाणी आहे, आणि दोन्हीचं मूळ एकच. रॅक काढताना कॉलमचा खालचा जॉइंट सोडवतात. तेव्हा स्टिअरिंग दोरीने किंवा सीटबेल्टने बांधून ठेवायचं असतं. नाही बांधलं तर ते मोकाट फिरतं, कारण त्याला अडवणारी रॅकच जागेवर नसते. गॅरेजातलं पोरगं चाक गरगर फिरवत बसलं की जुनी रीळ आवळून संपते, किंवा जोडताना एक फेरा इकडेतिकडे होतो. हा पहिला खून. दुसरा नवी टाकताना. नवी रीळ मध्यावर अडकवून येते, खिळी असते किंवा स्टिकर असतो. पुढची चाकं नाकासमोर सरळ करून, रीळ बसवून, मगच ती खिळी काढायची. आधी काढली आणि हातात एक फेरा फिरली की झालं. एका बाजूला पट्टी ढिली राहते, दुसऱ्या बाजूला ओढ बसते. तुमची उजवीकडेच तुटते, डावीकडे नाही. याचा अर्थ लक्षात घ्या.

एक काम करा. इंजिन चालू ठेवून मोकळ्या जागी चाक पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडे फिरवा, फेरे मोजा आणि इथे लिहा. आणि चाकं सरळ असताना स्टिअरिंग सरळ दिसतं का तेही.

मीटरबद्दल. हॉर्नचं तुम्ही खुशाल बघा. हॉर्नचा रिले (बटण दाबल्यावर हॉर्नला करंट सोडणारा छोटा स्विच) काढून त्याच्या खाचेत ३० आणि ८७ या दोन जागा तारेने क्षणभर जोडा. हॉर्न वाजला तर हॉर्न आणि फ्यूज ठीक. मग रिले परत लावून हॉर्न दाबताना तो टिक करतो का ऐका. चाक सरळ असताना टिक, उजवीकडे नेल्यावर नाही, तर रीळ नक्की. यात बॅगेला कुठेही हात लागत नाही.

पण पिवळ्या कपलरला मीटर लावायचा नाही. पिवळा रंग म्हणजे आत स्फोटाची दारू आहे. बॅगेच्या आतला स्क्विब, म्हणजे पेटवणारी काडी, साधारण २ ओहमची असते. आजकालच्या बहुतेक स्क्विबना सव्वा अँपिअरच्या आसपास करंट दोन हजारांश सेकंद मिळाला की त्या पेटतात, आणि ०.४ अँपिअरच्या आत पेटू नयेत अशा बनवलेल्या असतात. डिजिटल मीटर ओहमवर एखादा मिलिअँपिअर सोडतो, म्हणजे बहुधा काही होणार नाही. पण जुना काट्याचा मीटर किती सोडेल याचा नेम नाही, आणि डायल चुकीच्या जागी राहिला तर विचारायला कोणी उरत नाही. टेस्ट लॅम्पचं तर नावच काढू नका. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेतो, तोही तापल्यावर. थंड असताना पहिल्या झटक्यात त्याच्या कितीतरी पट. माझ्या ओळखीच्या एका मिस्त्रीने असंच एक बॅग टेबलावर उडवली. पालथी ठेवली होती, छताला जाऊन लागली. म्हणून बॅग काढली की तिचं तोंड आपल्याकडे धरायचं नाही आणि ठेवताना तोंड वर करून ठेवायची.

मिस्त्री काय करेल ते समोर उभं राहून बघा. आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा, मग थांबायचं. अपघातात बॅटरी तुटली तरी बॅग उघडावी म्हणून मॉड्यूलमध्ये कपॅसिटर असतात, ते रिकामे व्हावे लागतात. कोणाच्या पुस्तकात ९० सेकंद लिहिलेत, कोणाच्या ३ मिनिटं. मी चहा पिऊन येतो. मग बॅग काढून वरच्या कपलरला डमी रेझिस्टर लावायचा, बॅटरी जोडून कोड पुसून बघायचा. कोड गेला तर दोष बॅगेत किंवा तिच्या पिनेत. राहिला तर पुन्हा बॅटरी काढून डमी रिळीच्या खालच्या कपलरला. तिथे गेला तर रीळ. तिथेही राहिला तर पुढची वायरिंग, आणि मॉड्यूल सगळ्यात शेवटी. दोनदा डमी लावली की अर्ध्या तासात कळतं. तीन माणसांची तीन मतं लागत नाहीत.

स्क्रॅपमधली बॅग घेऊ नका. टकाटा कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट होतं, ऊन आणि दमटपणा खाऊन ते बिघडलं आणि बॅग उघडताना लोखंडाचे तुकडे उडाले. जगभर गाड्या परत बोलवाव्या लागल्या, २०१७ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं. भंगारातली बॅग कुठल्या गाडीची, किती उन्हाळे खाल्लेली, कोण सांगणार?

आणि दिवा चालू असताना बॅग उघडेल असं धरून चालू नका. बेल्ट लावा. बेल्ट तसाही लावायचाच असतो.

हार्नेसवाली_चाकण

काका, तिसऱ्या माणसाच्या ‘शॉर्ट’वर मी लिहिते, कारण मी चाकणला वायरिंग हार्नेसच्या लाइनवर तपासणीला आहे आणि हे मला रोज दिसतं.

दादा, त्याने मॉड्यूलचा कपलर काढून तारांवर मीटर लावला असणार. त्या कपलरमध्ये एक छोटी पत्री असते. कपलर निघाला की ती पत्री बॅगेच्या दोन्ही पिना आपसात जोडते, मुद्दाम. अंगावरच्या स्टॅटिकने किंवा कुठल्या भलत्या करंटने बॅग उडू नये म्हणून. मीटरला तो शून्याजवळचा आकडा दिसणारच! तो दोष नव्हे, ती पत्री तिचं काम करतेय. शिवाय तुमचा कोड ‘रेझिस्टन्स जास्त’चा आहे. जास्त म्हणजे कुठेतरी तुटलंय. शॉर्ट असता तर कमी आला असता. कोड एक सांगतो, मिस्त्री त्याच्या बरोबर उलट सांगतो. हार्नेस बदलू नका.

आणखी थोडं, कोणाला उपयोग होईल म्हणून. या दोन तारांना पीळ दिलेला असतो, तो सोडवायचा नाही, आजूबाजूच्या तारांचा परिणाम होऊ नये म्हणून तो असतो. मध्ये तोडून, पिळून, टेप गुंडाळणं तर अजिबात नाही. सगळं सर्किटच दोन-तीन ओहमचं, त्यात तुमच्या पिळलेल्या जोडाने पावसाळ्यात दीड ओहम वाढवला की मॉड्यूल दिवा लावतं. आणि पिना काळ्या दिसल्या तर पॉलिश पेपर मारू नका. त्यांच्यावर बऱ्याचदा सोन्याचा पातळ मुलामा असतो, तो घासला की सहा महिन्यांत पुन्हा तेच. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, बस.

रोपवाटिका_उरुळी

ताई, काका, खूप आभार. आज सकाळी सगळं केलं. रिले खाचेत तार जोडून हॉर्न दणकून वाजला, आमचा कुत्रा पळून गेला. सरळ चाकाला टिक येते, उजवीकडे सव्वा फेरा नेला की टिक बंद.

फेरे साडेतीन भरले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. स्टिअरिंग सरळ रस्त्यावर उजवीकडे थोडं तिरकं राहतं. रॅक काढली तेव्हा बांधलं होतं का, हे गॅरेजात फोन करून विचारलं. तो म्हणाला, “बांधायचं कशाला, चावी काढली की लॉक होतं.” मग थोड्या वेळाने म्हणाला, “चावी मात्र गाडीतच होती, गाणी लावली होती.”

भोसरी_वायरमन

गाणी लावली होती. बघा.

आता हिशेब करा. तुमच्या गाडीला साडेतीन फेरे, म्हणजे मध्यापासून प्रत्येक बाजूला पावणेदोन. अशा रिळी साधारण पाच फेऱ्यांच्या असतात, प्रत्येक बाजूला अडीच. म्हणजे शिल्लक पाऊण फेरा. बसवताना एक अख्खा फेरा चुकला, तर एका बाजूला पाव फेरा कमी पडतो. रोजच्या रस्त्यावर कोण पूर्ण लॉकपर्यंत वळवतं? म्हणून नऊ दिवस चाललं. तळघरात गाडी मागे घेताना तुम्ही पूर्ण उजवीकडे नेलं आणि पट्टी ताणून तुटली. त्यानंतर चाक सरळ असलं की तुटलेली टोकं एकमेकांना टेकतात आणि हॉर्न वाजतो, थोडं वळवलं की सुटतात. सव्वा फेऱ्यावर टिक बंद होते ती याचमुळे. लोकल पार्टला उगाच शिव्या देऊ नका, या वेळी तरी तो निर्दोष असावा.

नवी रीळ हातात घेतल्यावर मिस्त्रीने हेच मोजायला हवं. हलक्या हाताने एका टोकाला न्यायची, जोर नाही, मग दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजायचे, निम्म्यावर परत आणायची आणि डबीवरची खूण जुळवायची. खिळी असलेली असेल तर हेही लागत नाही. गाडीला ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) असेल तर स्टिअरिंग अँगल सेन्सर कुठे बसलाय ते बघा, बऱ्याच गाड्यांत याच डबीत असतो. मग सपाट जागी चाकं सरळ करून स्कॅनरने त्याचा शून्य द्यावा लागतो. नाहीतर एअरबॅगचा दिवा जाऊन ईएसपीचा लागेल आणि तुम्ही पुन्हा इथे याल.

ट्रेलर_निगडी

आमच्या ट्रेलरला बॅग नाही, पण स्टिअरिंगवर हॉर्न आणि क्रूझची बटणं आहेत, त्यामुळे हीच रीळ आमच्याकडेही. दोन गोष्टी जड गाडीवाल्यांसाठी. एक, आमचं सगळं २४ व्होल्टचं, पिकअपवाल्याचं सामान इकडे लावू नका. दुसरं, रीळ बदलून बदलून कंटाळलो होतो, शेवटी दोष निघाला केबिन उलटायच्या बिजागरीपाशी. केबिन पुढे कलली की हार्नेस तिथे दबायचं, आतली तार तुटलेली आणि वरचं प्लास्टिक शाबूत. तळेगाव-चाकण रस्त्यावर खड्ड्यात गेलं की हॉर्न बंद, पुढच्या खड्ड्यात चालू. वळताना बंद पडलं तर रीळ बघा, आदळल्यावर बंद पडलं तर वायरिंग बघा. एवढंच.

रोपवाटिका_उरुळी

शेवटचं कळवतो. हडपसरला एक म्हातारे इलेक्ट्रिशियन मिळाले. मी हा सगळा मजकूर छापून नेला होता. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला, ‘बरोबर आहे’ एवढंच म्हणाले आणि बॅटरी काढून खरोखर चहाला गेले.

डमी दोनदा लावली. वर लावली तर कोड तसाच, रिळीखाली लावली तर गेला. रीळ काढून उघडली. पट्टी आतल्या कडेला घडी पडून तुटलेली, फोटोच्या जुन्या निगेटिव्हसारखी. मोजली तर एक फेरा सरकलेलीच होती. नवी टाकली, फेरे मोजून, खूण जुळवून. हॉर्न दोन्ही टोकांना वाजतो, बटणं चालू.

पण दिवा गेला नाही! क्षणभर वाटलं, आता हार्नेसवाला हसणार. स्कॅनर लावला तर एअरबॅगचा कोड नाही, वेगळाच, ड्रायव्हरच्या सीटबेल्टच्या प्रीटेन्शनरचा, म्हणजे धडकेत बेल्ट आवळणाऱ्या भागाचा. म्हातारबाबांनी सीटखाली हात घातला आणि बाहेर आलं ते माझं खुरपं, झारीचं तोंड आणि एक ओलं गोणपाट. सीटखालचा पिवळा कपलर हिरवा पडला होता. मी रोज भिजलेलं सामान तिथे कोंबत होतो, कोणाला दोष देऊ. प्रीटेन्शनरमध्येही दारूच असते म्हणून पुन्हा बॅटरी काढली, पुन्हा चहा झाला. हार्नेसवाली ताईंचं ऐकून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, पॉलिश पेपर नाही. आता चावी फिरवली की दिवा पाच-सहा सेकंद लागतो आणि विझतो.

स्टिअरिंग अजून थोडं तिरकं आहे. गॅरेजवाला म्हणतो, स्टिअरिंग काढून एक दात सरकवून देतो, पाच मिनिटांचं काम.

भोसरी_वायरमन

दिवा चावीला लागतो आणि मग विझतो, हे लक्षात ठेवलंत ते बरं झालं. जुनी गाडी घेणाऱ्या सगळ्यांनी हे बघावं. चावी फिरवल्यावर दिवा लागतच नसेल तर कोणीतरी मीटरमध्ये हात घातलाय.

दात सरकवू देऊ नका. त्यासाठी पुन्हा बॅग काढावी लागेल, पुन्हा रीळ मोकळी पडेल, अँगल सेन्सर चुकेल. अलाइनमेंटवाल्याकडे जा. स्टिअरिंग सरळ धरून लॉक करून त्याने रॅकपासून चाकांकडे जाणाऱ्या दोन टाय रॉडपैकी एक जितका वाढवला तितकाच दुसरा कमी करून चाकं जुळवावीत. तिरकेपणा रॅक बसवताना आलाय, तो खालूनच काढायचा.

घाटरस्ता_१२

काढला रेझिस्टर. दिवा लागला. माझ्यातही ‘जास्त’चाच कोड आहे. पण हॉर्न आणि बटणं ठणठणीत.

भोसरी_वायरमन

मग तुमची रीळ बहुधा ठीक आहे. दोन वर्षं खोचलेल्या रेझिस्टरने बॅगेच्या कपलरची पिन फाकवली असेल. मिस्त्रीला आधी तिथे बघायला सांगा.